चार ते पंधरा फेब्रुवारी

लग्न होऊन शिरूरला आली त्या दिवशी सासूनं सुरेखाला दोन गोष्टी सांगितल्या. मोरीतला नळ जोरात पिळायचा नाही, आटे जातात. आणि बटणं बंद केल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावायची नाही. तेव्हा घरात बटणं चारच होती. शेतीपंपांची वीज कधीही यायची, कधीही जायची, आणि आली की दिवे आधी पिवळे पडून मग भसकन पांढरे व्हायचे. शेजारच्यांचा रेडिओ त्यात जळाला होता. सासू त्या रेडिओबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं बोलायची.

पुढं सासू गेली, घरावर मजला चढला, बटणं एकतीस झाली. सुरेखाचे केस पांढरे झाले, गुडघे दुखायला लागले, पण झोपण्याआधीची तिची फेरी चुकली नाही. गॅस, मोटार, मिक्सर, टीव्ही, चार्जर. फक्त वायफायचं बटण ती सोडायची, कारण ते बंद केलं की वरून सुदर्शन ओरडायचा, "आई, नेट गेलं!" एवढं एक त्यानं तिला नीट समजावलं होतं.

सुदर्शन तिचा एकुलता एक. रांजणगावच्या एका कारखान्यात साच्यांची ड्रॉइंग करायचा आणि घरी आला की बाहेरच्यांचीही करायचा. त्याची बायको अक्षदा दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. शिरूरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. सुरेखाचे यजमान मारुतराव, घरातले आप्पा, सोसायटीच्या सचिवपदावरून निवृत्त झालेले. साऱ्या भावकीचे सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवायचा त्यांना नाद होता. म्हणजे घरात माणसं चार आणि कॉम्प्युटर तीन. चौथ्या माणसाला कॉम्प्युटरचं काम नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आधी सुदर्शननं एक काळा डबा आणला. पावाच्या लादीएवढा, पुढं निळा दिवा. टीव्हीखालच्या बोर्डाला जोडून त्यानं आप्पांना आणि अक्षदाला हॉलमध्ये बसवलं.

"हे बघा. रोज रात्री दोन वाजता तिन्ही मशीन आपापलं सगळं याच्यात उतरवून ठेवणार. उद्या एखादं मशीन मेलं तरी याच्यात कॉपी आहे."

"रात्री दोनला कशापायी? तवा काय मुहूर्त हाय का?" मारुतराव म्हणाले.

"दिवसा लावलं तर मशीन स्लो होतात, आप्पा. तुम्हीच बोंबलाल. फक्त हा डबा कधी बंद करायचा नाही."

"आन् लाइट गेली तर?"

"इन्व्हर्टरवर घेतलाय."

अक्षदानं विचारलं, "मग मी पेनड्राइव्हवर ठेवते ते?"

"बंद कर ते. कॉलेजच्या मशीनला लावतेस आणि घरात व्हायरस आणतेस. घरात सर्व्हर असताना पेनड्राइव्ह कशाला?"

अक्षदानं पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला. सुदर्शननं दाखवण्यापुरतं एकदा दिवसाच चालवून बघितलं. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली तशी मारुतरावांनी मान डोलावली. मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "झाल्या का न्हाई चकल्या?"

सुरेखा कढईत चकल्या सोडत होती.

त्या रात्रीच्या फेरीत तिला नवा दिवा दिसला. आपला आपण लुकलुकत होता. तिनं त्याचं बटण बंद केलं. सकाळी दूध तापायला ठेवल्यावर बाकीच्यांबरोबर ते पुन्हा चालू केलं. दिवसा घरी असला की सुदर्शन आपली सामायिक ड्रॉइंग त्याच डब्यातून वर उघडायचा, निळा दिवा चालू असायचा, सगळं ठीक होतं.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला दुपारी तिच्या माहेरून, राहू गावातून, भारतचा, तिच्या भावाचा फोन आला. "अक्का, आई पाणी बी घेईना. यायचं तर आजच ये."

सुरेखानं पोळ्या करून डब्यात भरल्या, भाजी झाकली, आणि न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं निघाली. आई, चांगुणाबाई, दोन दिवस तशीच पडून होती. पाच तारखेला पहाटे पाचच्या सुमाराला गेली. बायका रडल्या. सुरेखा बसून राहिली. तिला वाटत होतं, आता येईल, मग येईल. दहाव्यापर्यंत आलं नाही. भावजय मागच्या दारात कुणाला तरी म्हणाली, "आक्कांचं काळीज घट हाय बाई." ते सुरेखानं ऐकलं. काळीज घट असण्याचं तिला काही कळत नव्हतं.

दहाव्याला सुदर्शन आणि अक्षदा आले. अक्षदाच्या पिशवीत तिच्या अभ्यासाचे फॉर्म होते. दौंड-शिरूरकडं फुलं तोडायला जाणाऱ्या मजूर बायका पहाटेपासून झोपेपर्यंतचा वेळ कशात घालवतात, असा तिचा विषय होता. प्रत्येक फॉर्म सहा पानांचा. अर्ध्या अर्ध्या तासाला एक रेघ, आणि कामाला एक ते नऊ कोड.

"आई, इथं इतक्या बायका आहेत," ती हळूच म्हणाली. "पुन्हा एका जागी मिळायच्या नाहीत. बरं दिसेल का?"

"भर की," सुरेखा म्हणाली. "नाहीतरी बसल्याच आहेत."

अक्षदानं ओसरीच्या कडेला बसून आठ फॉर्म भरले. दुसऱ्या दिवशी, पंधरा तारखेला, सुरेखा शिरूरला परतली. शेगडीवर दूध उतू जाऊन वाळलेलं होतं. ते तिनं तारेच्या घासणीनं खरवडलं, बारा दिवसांची फडकी उकळत्या पाण्यात घातली, आणि झोपताना आपली फेरी मारली.

सप्टेंबरात, गौरी उठल्यावर, अक्षदाचा लॅपटॉप आतून टकटक वाजायला लागला. तो मुळात सुदर्शनचा जुना होता. दोन दिवसांनी चालूच होईना. दुकानदार म्हणाला, हार्डडिस्क गेली.

अक्षदाला त्याचं फार काही वाटलं नाही. "डब्यात आहे ना," ती म्हणाली. प्रबंध जमा करायची शेवटची तारीख एकतीस ऑक्टोबर होती. कॉलेजात कित्येक वर्षांनी एक कायमची जागा निघाली होती आणि प्रबंध जमा झालेल्यांनाच मुलाखतीला बोलावणार, असं प्राचार्यांनी तिला स्वतः सांगितलं होतं. सात वर्षं ती तासांवर शिकवत होती. पाच प्रकरणं लिहून तयार होती. उरलं होतं ते फक्त शेवटचं हात फिरवणं.

रविवारी सकाळी सुदर्शननं आप्पांच्या कॉम्प्युटरवर डबा उघडला. अक्षदा शेजारी खुर्ची घेऊन बसली. मारुतराव कॉटवर पेपर वाचत होते. सुरेखा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती.

"ही बघ नोव्हेंबरची," सुदर्शन म्हणाला.

"ती तू दाखवायला घेतली होतीस ती. पुढची?"

"पुढची फेब्रुवारी."

"शेवटची काढ ना. परवाची."

सुदर्शननं माऊसचं चाक फिरवलं. पडदा हलला नाही. "हेच आहे," तो म्हणाला.

"हेच म्हणजे?"

"चार फेब्रुवारी ते पंधरा फेब्रुवारी. बारा. पुढं काही नाही. मागं पण काही नाही." त्यानं आप्पांच्या कॉम्प्युटरचं बघितलं, स्वतःच्या कॉम्प्युटरचं बघितलं. सगळीकडं त्याच बारा तारखा. "असं कसं होईल? झालं नाही तर मला मेल यायला पाहिजे."

"कुठल्या मेलवर?"

सुदर्शननं माऊसवरचा हात काढला. मग म्हणाला, "जुन्या कंपनीच्या." ती कंपनी त्यानं डिसेंबरात सोडली होती.

अक्षदा पडद्याकडं बघत होती. आवाज न चढवता, फळ्यावरचं वाचावं तसं ती म्हणाली, "आई तेव्हा राहूला होत्या."

सुदर्शननं मान वळवली.

"आई, तू ह्या डब्याचं बटण बंद करतेस?"

"रात्री करते. सकाळी लावते."

"रोज?"

"रोज."

"अगं, तो रात्रीच चालतो! रात्री दोनला!"

सुरेखाच्या हातात मेथीची काडी होती. तिची पानं तिनं खुडली आणि देठ बाजूला टाकला.

मारुतराव पेपरातून डोकं काढून म्हणाले, "ती बंद करती की. मी हितनं रोज बघतो. मला वाटलं तूच सांगितलं आसंल तिला."

"आप्पा, मी तुम्हाला सांगितलं होतं! सगळ्यांना सांगितलं होतं, बंद करायचा नाही म्हणून!"

"मला नाही," सुरेखा म्हणाली. तक्रार म्हणून नाही. तो विचारतोय म्हणून सांगितलं.

"तू घरातच होतीस."

"चकल्या तळत होते."

मारुतरावांना वातावरण हलकं करायचं होतं. "आरं, ह्या बाईच्या तावडीतनं सूर्य सुटला, कारण त्याला बटण न्हाई," ते म्हणाले आणि एकटेच हसले. हसणं अर्धवट राहिलं तेव्हा त्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढं धरला.

सुरेखा उठून पडद्यापाशी आली. चष्मा नव्हता, तरी तारखा दिसत होत्या. पाच फेब्रुवारी, दोन वाजता, यशस्वी. दोन वाजता आई होती, तिनं मनात हिशेब केला. तीन तास होती. दहा महिन्यांत त्या बारा रात्री सोडल्या तर ती दुसऱ्या कुठंही मुक्कामाला गेली नव्हती. घरात कुणाला ते कधी मोजावं लागलं नव्हतं. आता पडद्यावर एकाखाली एक लावून ठेवलेलं होतं.

आता रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. ती मेथी धुवायला गेली.

लॅपटॉपची हार्डडिस्क पुण्याला पाठवली. दोन आठवडे वाट बघितली. तिकडून निरोप आला की आतली तबकडी खरवडली गेलीय, काही निघायचं नाही. फेब्रुवारीच्या कॉपीत दोन प्रकरणं होती आणि ब्याण्णव फॉर्मांची माहिती भरलेली होती. त्र्याण्णवपासून दोनशे चौदापर्यंतचे फॉर्म पुन्हा भरायचे होते. शेवटची तीन प्रकरणं त्या फॉर्मांवरच उभी होती. फॉर्म कागदावर होते, वरच्या खोलीत, युरियाच्या धुतलेल्या गोणीत. तेवढे होते.

सुदर्शननं नवीन लॅपटॉप आणला. डब्याची वेळ बदलून दुपारची केली, आपला नवा मेल टाकला. बटणावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर मार्करनं लिहिलं, 'हात लावू नये'. लिहिताना तो सुरेखाशी बोलला नाही, पण अक्षर मोठं काढलं. मग त्याची दुसरी शिफ्ट सुरू झाली.

अक्षदा सुरेखाला काही म्हणाली नाही. "चहा ठेवू का?" "धोब्याचे कपडे आलेत." "उद्या मला नऊलाच जायचंय." एवढंच बोलणं होत होतं, आणि ते पूर्वीही एवढंच होत होतं. त्यामुळं राग कुठून सुरू होतो आणि रोजचं बोलणं कुठं संपतं, ते सुरेखाला सापडेना.

एका दुपारी जेवणं आटोपल्यावर सुरेखा जिना चढली. गुडघ्यांमुळं ती सहा महिन्यांत वर गेली नव्हती. अक्षदा डाव्या हातानं फॉर्म दाबून धरून उजव्या हाताच्या बोटांनी एक एक आकडा मारत होती.

"मी वाचून दाखवू का?" सुरेखा म्हणाली. "मला वाचता येतं. नववीपर्यंत गेलेय मी."

अक्षदानं वर बघितलं नाही. "बसा," ती म्हणाली.

पहिला दिवस अक्षर लावण्यात गेला. अक्षदाचा 'झ' कुठला आणि 'इ' कुठला, ते कळायला लागलं. मग जमलं. सुरेखा वाचायची, अक्षदा भरायची. "पहाटे चार. उठणे, सडा. साडेचार. चूल, भाकरी. पाच. तेच. साडेपाच. शेतावर चालत. सहा. झेंडू तोडणे. साडेसहा. तेच. सात. तेच." 'तेच' फार होतं. एका फॉर्मात ओळीनं अकरा वेळा 'तेच' आलं तेव्हा सुरेखा थांबून म्हणाली, "एकदम अकरा म्हटलं तर चालेल?"

"नाही. एक एक म्हणा. नाहीतर माझी ओळ चुकते."

सुरेखानं एक एक म्हटलं.

दिवसाला पाच फॉर्म व्हायचे. सकाळी अक्षदा कॉलेजात, परत आली की जेवण, मग वर. सुरेखानं आपली कामं पहाटेकडं सरकवली. चौथ्या-पाचव्या दिवशी मारुतराव खालून ओरडले, "आगं, चार वाजले, चहाचं काय?" सुरेखा वरून म्हणाली, "पातेलं ओट्यावर हाय, साखर डाव्या डब्यात." खाली बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. अक्षदाचा ओठ एका कडेला किंचित हलला. पण ती म्हणाली, "पुढची ओळ."

एकशे अठरापासून राहूचे फॉर्म लागले. दहाव्याच्या दिवशीचे. ह्या फॉर्मात गेल्या पंधरा दिवसांतला जो दिवस सगळ्यांत नीट आठवतो तो सांगायचा असे. पहिल्या तिघींनी फुलतोडीचे दिवस सांगितले होते. एकशे एकवीसवा फॉर्म जाईबाईचा होता. जाईबाईचं घर भारतच्या घराला लागून.

"एकशे एकवीस. जाईबाई. वय बासष्ट. दिवस, पाच फेब्रुवारी," सुरेखा वाचत होती. "पहाटे पाच. शेजारून हाक आली म्हणून गेले. साडेपाच. चुलीवर पाणी तापवणे. सहा. तेच. साडेसहा. चांगुणाबाईला आंघोळ घालणे."

अक्षदाची बोटं थांबली. "आई, हा राहू द्या. हा मी भरते."

"कोड काय ते सांग. मी म्हणते."

"नऊ," अक्षदा म्हणाली. "इतर."

"नऊ. सात. तेच. नऊ. साडेसात." सुरेखानं कागद जरा लांब धरला. "म्हातारीच्या लेकीला चहा दिला. तिनं कप हातात धरला, प्यायली नाही. गार झाल्यावर काढून घेतला."

खाली रस्त्यावरून कांद्याचा टेम्पो गेला. खिडकीची काच थरथरली आणि राहिली.

"मला आठवत नाही हे," सुरेखा म्हणाली. "चहाचं."

"त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं."

"खरं असंल. जाईबाई खोटं कशाला सांगंल." तिनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. मग कागदाकडं. "हे कशात धरतेस? चहा देणं?"

"स्वयंपाक म्हणजे दोन. पण घरचा नाही ना." अक्षदानं कोडांची यादी बघितली. "हेही नऊच."

"नऊ. आठ. मयताच्या घरी बसून राहणे."

"नऊ."

"साडेआठ. तेच. नऊ. नऊ वाजता तेच. नऊ." सुरेखाचा आवाज झेंडूच्या वेळी होता तसाच होता. त्या दिवशी तो फॉर्म धरून पाच झाले.

एकतीस ऑक्टोबरला एकशे सदुसष्टवा फॉर्म झाला होता आणि तिसरं प्रकरण निम्मं लिहून झालं होतं. त्या दिवशी अक्षदा सकाळच्या गाडीनं पुण्याला विद्यापीठात गेली. दुपारी सुदर्शननं कारखान्यातून फोन केला. "आली का ती?"

"नाही अजून."

"आली की तिला फार विचारू नकोस."

"नाही विचारत," सुरेखा म्हणाली आणि फोन ठेवला.

अक्षदा सव्वाचारला आली. चपला काढून तिनं पाय धुतले, ओढणी खुंटीला लावली.

मारुतराव कॉटवरून म्हणाले, "काय झालं गं पोरी?"

"मार्चपर्यंत मुदत दिली, आप्पा."

"मग झालं की! आन् ती जागा?"

"सोमवारी मुलाखती आहेत. माझं नाव नाही."

"म्हंजी दुसरी निघंलच की कवातरी."

"निघेल," अक्षदा म्हणाली आणि वर गेली.

सुरेखानं पोहे केले. ताटली घेऊन, कठड्याला धरून, एक एक पायरी चढली. अक्षदा लॅपटॉप न उघडताच त्याच्यासमोर बसली होती. तिनं ताटली घेतली, दोन घास खाल्ले.

"आई, मी तुम्हाला काहीच बोलले नाही," ती म्हणाली. "त्या दिवसापासून."

"नाही बोललीस."

"बोलावंसं वाटत होतं. पुण्याला जाताना गाडीत सगळं जुळवलं होतं. आज घरी आल्यावर बोलायचं म्हणून."

"मग बोल की."

अक्षदानं सासूकडं नीट बघितलं. बऱ्याच दिवसांनी. सुरेखा उभीच होती, गुडघ्यावर हात ठेवून, थप्पड येणार असली तर येऊ दे, अशी. चेहऱ्यावर काही नव्हतं. अक्षदानं जुळवलेलं पहिलं वाक्य आठवून पाहिलं. ते आठवलं, पण तोंडात येईना.

"आता नाही येत," ती म्हणाली.

"मलाबी असंच होतं," सुरेखा म्हणाली. "फेब्रुवारीपासून."

अक्षदानं ताटली बाजूला सरकवली आणि दुसरी खुर्ची पायानं पुढं ओढली. "बसा. उभ्यानं गुडघा धरेल."

सुरेखा बसली. गोणीतून तिनं वरचा गठ्ठा काढला, मांडीवर घेतला, कडा सारख्या केल्या.

"किती राहिले?"

"सत्तेचाळीस."

"मार्चपर्यंत होतील."

"फॉर्म होतील हो. लिहायचं पुन्हा लिहावं लागेल. जे लिहिलं होतं ते मला आता आठवत पण नाही." तिनं लॅपटॉप उघडला. "म्हणा."

"एकशे अडुसष्ट. गाव, कारेगाव. वय चौतीस. पहाटे चार."

"थांबा, पान येऊ द्या." पान आलं. "हं."

"पहाटे चार. उठणे."